सुरतेचे फ्रेंच साक्षीदार

सुरत म्हटले की मराठी माणसाला जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० हे दोन महिने आठवतात. त्याखेरीज सुरत म्हणजे साड्यांची घाऊक बाजारपेठ, हिऱ्यांचे कारखाने आणि पोटापाण्यासाठी खानदेशातून गेलेल्या भाऊबंदांचे गाव. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज मराठी आणि अहिराणी घराघरांत बोलली जाते. शिवजयंती तिथे जोरात होते. त्याच गल्लीतला गुजराती शेजारी कधीतरी सरळ विचारतो, की तुमच्या राजाने आमचे शहर लुटले, हे तुम्ही मुलांना कसे समजावून सांगता? यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते: बर्नियर वाचा, थेवनो वाचा, कॅरे वाचा. परक्या फ्रेंचांनीसुद्धा शिवाजी महाराजांना नावाजले आहे, मग आणखी काय पाहिजे?

हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि आपल्या इतिहासविचारातली एक जुनी खोड त्यात दिसते. परकीय लेखकाकडे आपण प्रशस्तिपत्र मागायला जातो. अनुकूल वाक्य सापडले की ते उचलतो, चौकटीत छापतो, भाषणात वापरतो. त्याच पानावरचे प्रतिकूल वाक्य तिथेच राहते. कोणी प्रतिकूल वाक्य काढलेच, तर 'तो परकाच, त्याला काय कळणार' म्हणून मोकळे होतो. एकाच माणसाला सोयीनुसार पंच आणि सोयीनुसार परका ठरवणे हा इतिहास नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या फ्रेंचांचे कागद ही साक्ष आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. तो तेव्हा कुठे होता, त्याने स्वतः काय पाहिले, कोणाकडून ऐकले, कोणासाठी लिहिले आणि तसे लिहिण्यात त्याचा फायदा काय होता, हे विचारावे लागते. एवढे विचारायचे तर त्याची भाषा यावी लागते. हे काम मराठी अभ्यासकांनी स्वतः करायला हवे, आणि त्याची सुरुवात सुरतेपासून व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी साक्षीदार कोण होते ते पाहू. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६४ साली फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी उभी केली. इंग्रज आणि डच सुरतेत अर्धशतकापासून बसलेले होते. फ्रेंच उशिरा आले. डचांच्या नोकरीत जपानपर्यंत जाऊन आलेला फ्रान्स्वा कारोन फ्रेंचांकडे वळला होता. त्याने १६६८ साली सुरतेत वखार घातली. हिंदुस्थानातली फ्रेंचांची ही पहिली वखार. पाँडिचेरी त्यानंतरची. पुढे पाँडिचेरी उभी करणारा फ्रान्स्वा मार्टिनही सुरतेच्या वखारीत राबलेला माणूस.

म्हणजे १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले, तेव्हा फ्रेंच कंपनी जन्मालाही आली नव्हती. शहरात फ्रेंच म्हणावे असे प्रामुख्याने कापुचिन पंथाचे पाद्री होते, आणि त्यांचा प्रमुख फादर अँब्रोज. महाराजांनी या पाद्र्यांच्या मठाला हात लावला नाही, ही गोष्ट बर्नियर सांगतो. डचांच्या एका मृत दलालाचे घर, तो फार दानधर्मी होता असे कळल्यावरून महाराजांनी सोडले, हेही तोच सांगतो. आपल्या भाषणांत हे दोन प्रसंग हमखास येतात. ते खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही. पण बर्नियर तेव्हा सुरतेत नव्हता. तो वैद्य होता, उत्तरेत दानिशमंदखान या मोगल उमरावाच्या पदरी होता, आणि सुरतेची हकिकत त्याच्यापर्यंत इतरांच्या तोंडून पोहोचली. थेवनो सुरतेत उतरला तो १६६६ च्या जानेवारीत, लुटीनंतर दोन वर्षांनी. महाराज आधी फकिराच्या वेषात येऊन शहर पाहून गेले होते, असे त्याने लिहिले आहे. ही हकिकत घडलेली असेल किंवा नसेल. दोन वर्षांनंतर सुरतेच्या बाजारात लोक काय बोलत होते, एवढे मात्र तिच्यावरून नक्की कळते. भेदरलेल्या शहराने आपल्या भीतीला दिलेला आकार म्हणून ती हकिकत मोलाची आहे. महाराजांच्या हालचालींचा पुरावा म्हणून तिचे वजन कमी आहे. साक्षीदार एकच, पण एका प्रश्नासाठी तो भक्कम आणि दुसऱ्यासाठी कच्चा. हा फरक करणे म्हणजेच इतिहासाचा अभ्यास.

ॲबे कॅरे हा तिसरा. धर्मगुरू असला तरी तो कोल्बेरचा माहितगार म्हणून हिंडत होता. कंपनीचे इथे काय चालले आहे याच्या बातम्या पॅरिसला पोहोचवणे हे त्याचे काम. १६९९ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात महाराजांचे जे चित्र आहे, त्यात आदर ओसंडून वाहतो. स्वीडनचा राजा गुस्ताव्हस अडॉल्फस याच्याशी तो त्यांची तुलना करतो. पण कॅरे लिहीत होता तो फ्रान्समधल्या वाचकांसाठी. पूर्वेकडचा एक तडफदार वीर, त्याचे वेगवान विजय, मोगलांसारख्या बलाढ्य सत्तेला दिलेला शह, हे सारे त्या वाचकाला हवेहवेसे वाटणारे होते. कॅरेच्या लेखनात प्रत्यक्ष पाहिलेले आहे आणि ऐकीव कथाही तितक्याच रंगात आल्या आहेत. त्यातले गौरवाचे वाक्य खरे आणि कथा तेवढ्या खोट्या, अशी वाटणी आपल्याला सोयीची आहे. साक्षीच्या नियमात ती बसत नाही.

दुसऱ्या लुटीच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७० ला, फ्रेंच वखार शहरात होती. तिच्याजवळच्या सराईत काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान मक्केहून परत येऊन उतरला होता, आणि त्याच्याजवळ मोठी संपत्ती होती. मराठे त्या सराईवर चालून गेले. त्याच्या लोकांनी दिवसभर झुंज दिली, रात्री राजाला घेऊन ते किल्ल्यात पळाले आणि ऐवज मराठ्यांच्या हाती लागला. इंग्रजांच्या पत्रांत याचे कारण दिले आहे: फ्रेंचांनी मराठ्यांशी परस्पर समेट केला आणि स्वतःचा बचाव करून घेतला. याच पत्रांत स्ट्रेनशॅम मास्टर या इंग्रज अधिकाऱ्याने आपली वखार कशी शौर्याने राखली याचे वर्णनही आहे.

आता हे पत्र कोण लिहितो आहे ते पाहा. दोन वर्षांपूर्वी आलेला नवा प्रतिस्पर्धी सुरतेच्या व्यापारात वाटा मागतो आहे. मोगल सुभेदारासमोर त्याला फितूर ठरवता आले तर इंग्रजांना हवेच आहे. शिवाय आपण लढलो आणि ते विकले गेले, ही मांडणी लंडनमधल्या मालकांपुढे इंग्रज वखारीची प्रतिष्ठा वाढवणारी आहे. म्हणून ही तक्रार खोटी ठरते का? नाही. काही देऊन-घेऊन वखार वाचवणे फ्रेंचांच्या स्थितीत अगदी शक्य होते. त्यांच्याजवळ लढायला माणसे किती होती? पण एवढ्या आधारावर 'फ्रेंच महाराजांना सामील होते' असे लिहिणे म्हणजे इंग्रजांच्या मत्सराला मराठी अभिमानाचा शिक्का मारणे होय. इंग्रज पत्र, डच पत्र आणि फ्रेंच वखारीचे स्वतःचे कागद समोरासमोर ठेवल्याशिवाय त्या दिवसाबद्दल ठामपणे बोलता येत नाही. आपण आजवर बहुतेक वेळा इंग्रजांच्या खिडकीतून सुरत पाहिली, कारण इंग्रजी आपल्याला येत होती.

'शत्रूचा शत्रू तो मित्र' हा हिशेब फ्रेंचांच्या बाबतीत आपल्याला फार लवकर पटतो. राजापूरला त्यांची वखार होती, त्यांनी महाराजांना तोफा आणि शिसे विकले अशी इंग्रजांची तक्रार होती, पुढे १६७७ च्या कर्नाटक स्वारीत पाँडिचेरीहून मार्टिनने महाराजांकडे वकील पाठवला. शंभर वर्षांनी, १७७७ साली, सेंट ल्युबिन पुण्याला आला आणि नाना फडणिसांनी त्याचे स्वागत केले तेव्हा मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. यावरून मराठे-फ्रेंच मैत्रीचे एक सोनेरी चित्र काढता येते. पण मार्टिनच्या आठवणी पूर्ण वाचल्या तर चित्र बदलते. महाराजांच्या सामर्थ्याची त्याला जाणीव आहे, आणि जिंजीच्या मुलखात मराठ्यांच्या अधिकाऱ्यांनी चालवलेल्या करवसुलीचा जाच तो तेवढ्याच स्पष्टपणे नोंदवतो. मित्र म्हणून त्याला जवळ घ्यायचे असेल तर ही नोंदही जवळ घ्यावी लागेल. ती लपवून महाराजांची थोरवी वाढत नाही. उलट राज्यकारभाराच्या एवढ्या कडक आज्ञा देणाऱ्या राजाला दूरच्या नव्या मुलखात त्या पाळून घेणे किती अवघड जात होते, हे त्यातून उमगते.

महाराष्ट्रात या कामाची परंपराच नाही असे नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली. ग. ह. खरे यांनी फार्सी साधने आत्मसात केली, सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबाराची अखबारे आणि तवारिखा मराठीत आणल्या. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरखान्यात आयुष्य घातले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा पाया रचला. फ्रेंचांच्या बाबतीत हाच मान डॉ. व्ही. जी. हतालकर यांचा. १६६८ ते १८१५ या काळातल्या फ्रेंच-मराठे संबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९५८ साली प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाशी संबंधित फ्रेंच कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर केले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ते खंडशः छापले. त्यांच्या आधी सुरेंद्रनाथ सेनांनी थेवनो, कॅरे, मार्टिन यांच्या लेखनातले शिवचरित्राचे भाग अभ्यासकांपुढे ठेवले होते. बंगालमध्ये अनिरुद्ध राय आणि इंद्राणी राय यांनी फ्रेंच कंपनीचा व्यापार मूळ कागदांवरून मांडला. या सगळ्यांत हतालकरांचे नाव महाराष्ट्रात सर्वांत कमी घेतले जाते याचे मला वाईट वाटते. शिवचरित्रावरच्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात. ज्याने मूळ साक्षी वाचून दिल्या, तो ग्रंथालयाच्या फडताळात पडून राहतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल अजून सुटलेले नाहीत. घरचे वाचून संपले नाही तर परक्याचे कशाला वाचायचे? याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले काळाचे. मोडी दप्तरांचा मोठा साठा पेशवाईतला आहे. १६८९ साली रायगड पडला आणि शिवकाळातले राजधानीचे दप्तर नष्ट झाले. महाराजांच्या हयातीतले अस्सल कागद म्हणूनच मोजके आहेत. त्या काळात त्याच मुलखात वावरणारी, नियमाने पत्रे लिहिणारी आणि ती जपून ठेवणारी माणसे म्हणजे या वखारवाल्या कंपन्यांचे कारकून होते. ती पोकळी भरायची तर त्यांच्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. मोडी आणि फ्रेंच ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. एकावाचून दुसरे लंगडे आहे. याचा पुरावा सुरतेतूनच मिळतो.

बर्नियर मायदेशी परतताना १६६८ साली सुरतेत थांबला. तिथून त्याने नव्या फ्रेंच कंपनीच्या संचालकांसाठी एक टिपण लिहिले. मोगल दरबाराशी कसे वागावे, काम कसे काढून घ्यावे याचा तो सल्ला होता. परतल्यावर त्याने आपला ग्रंथ छापला आणि त्याला जोडून कोल्बेरला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. त्या पत्राचा सारांश असा, की हिंदुस्थानात जमीन सगळी बादशहाची, प्रजेची खासगी मालमत्ता नाही. म्हणून शेती ओस पडते, कारागीर खंगतो आणि देश भकास होतो. वाचणारा कोण, तर फ्रान्सचा अर्थकारभारी आणि कंपनीचा जनक. फ्रान्सच्या राजाने प्रजेच्या मालमत्तेवर हात टाकू नये हा इशारा बर्नियरला त्यातून द्यायचा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. हिंदुस्थान हा त्याच्या युक्तिवादातला दाखला होता. पण दाखला निसटला आणि सिद्धांत झाला. १७४८ साली मोंतेस्क्यूने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात 'पौर्वात्य जुलूमशाही'ची जी बैठक घातली, तिच्यामागे असल्याच प्रवासवर्णनांचा आधार होता. १८५३ साली मार्क्सने एंगल्सला लिहिताना बर्नियरचाच हवाला दिला. आणि जमीन सगळी राजाचीच असते, मग राजा बदलला की ती नव्या राजाची, ही समजूत इंग्रज महसूल अधिकाऱ्यांना किती सोयीची होती हे सांगायला नको.

याच सुरतेत १७५८ साली दुसरा एक फ्रेंच आला: आंकतील द्युपेराँ. वय तिशीच्या आत, खिशात फारसे काही नाही, आणि ध्यास एकच, की पारशांचे धर्मग्रंथ त्यांच्याच दस्तुरांकडून शिकायचे. दस्तूर दाराब यांच्याकडे तो शिकला. इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, १७५९ साली, तेव्हा तो शहरातच होता. वेरूळ, कान्हेरी, घारापुरीची लेणी पाहून त्याने त्यांची वर्णने लिहिली, आणि मराठ्यांच्या मुलखाबद्दल त्याने आपुलकीने लिहिले. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले. त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. त्याच वर्षी आंकतीलने हिंदुस्थान सोडला. बरोबर १८० हस्तलिखिते होती. ती त्याने पॅरिसच्या राजग्रंथालयात जमा केली. १७७१ साली त्याचे अवेस्ताचे भाषांतर निघाले. तरुण विल्यम जोन्सने ते बनावट म्हणून त्याची जाहीर टिंगल केली. पुढच्या शतकात रास्क आणि ब्यूर्नूफ यांच्या अभ्यासाने ग्रंथ अस्सल ठरला.

या आंकतीलने १७७८ साली पूर्वेकडच्या कायदेव्यवस्थेवर एक पुस्तक काढले. बर्नियर आणि मोंतेस्क्यू यांचे म्हणणे त्याने त्यात एकेक मुद्दा घेऊन खोडले. तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान या तिन्ही ठिकाणी खासगी मालमत्ता आहे, लिखित कायदा आहे, करार होतात आणि ते पाळले जातात, हे त्याने साधार मांडले. हिंदुस्थान्यांच्या जमिनीवर हक्क सांगण्यासाठी युरोपियनांनी हा जुलूमशाहीचा सिद्धांत पुढे केला आहे, हे त्याने तेव्हाच ओळखले. साम्राज्य अजून पुरते उभे राहिलेले नसताना त्याच्या मुळाशी असलेली लबाडी एका फ्रेंच माणसाने उघडी केली होती.

दोघे फ्रेंच, दोघांची वाट सुरतेवरून गेलेली, दोघे विद्वान. युरोपने बर्नियरला उचलले आणि आंकतीलला बाजूला सारले. आंकतील गरिबीत १८०५ साली वारला. फ्रेंच संस्कृती म्हणजे एकजिनसी काही नव्हे, तिच्या पोटात असा झगडा होता, हे यावरून कळते. आणि त्या झगड्याचा निवाडा करणारा पुरावा कुठे आहे? तो आपल्या मोडी रुमालांत आहे. मिरासपत्रे, महजर, वतनाचे तंटे, गोतसभेचे निवाडे यांतून महाराष्ट्रातला मिरासदार शेतकरी आपली जमीन वंशपरंपरा कसतो, विकतो, गहाण टाकतो आणि ती बळकावणाऱ्याविरुद्ध दाद मागतो. बर्नियरच्या सिद्धांताला इतके धडधडीत उत्तर दुसरे नाही. मोडी वाचणाऱ्याला बर्नियर ठाऊक नसेल तर आपल्या हातातला कागद जगातल्या किती मोठ्या वादाचा निकाल लावतो हे त्याला कळत नाही. बर्नियर वाचणाऱ्याला मोडी येत नसेल तर तो बर्नियरवर विश्वास ठेवून बसतो. म्हणून म्हणतो, ही दोन कामे एकच आहेत.

राजे आणि सिद्धांत यांच्या खाली आणखी एक थर आहे, आणि सुरतेच्या बाबतीत तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. कंपनीचा जॉर्ज रोक नावाचा एक कारकून होता. १६७० च्या दशकात तो अहमदाबाद, बुऱ्हाणपूर, सिरोंज इथे कापड खरेदीसाठी फिरला. आपल्या मागून येणाऱ्या कारकुनांसाठी त्याने एक हस्तलिखित तयार केले: माल कसा पारखावा, दलाल कुठे फसवतो, छपाई कशी होते. १६७८ मधले अहमदाबादच्या छपाईचे त्याचे वर्णन विसाव्या शतकात छापून निघाले आणि कापडाच्या इतिहासकारांना घबाड सापडले. हिरडा, तुरटी, लोखंडापासून केलेला काळा रंग, लाकडी ठसे आणि पुन्हा पुन्हा धुणे, ही सारी छिप्यांची विद्या. छिप्याने ती लिहून ठेवली नाही, कारण ती त्याच्या हातात होती आणि मुलाच्या हातात जाणार होती. दरबारी तवारिखकाराने लिहिली नाही, कारण छिपा त्याच्या नजरेत भरण्याजोगा नव्हता. ती लिहिली नफ्यासाठी टपलेल्या परक्या गिऱ्हाइकाने. त्याचा हेतू स्वार्थी होता हे मान्यच. पण त्या स्वार्थापायीच तो कारागिराच्या हाताकडे इतक्या बारकाईने बघत राहिला.

या कापडाने तिकडे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. मोलिएरने १६७० च्या एका प्रहसनात नवश्रीमंताला हिंदुस्थानी छिटाचा झगा घालून रंगमंचावर आणले, एवढी त्या कापडाची मिजास होती. रेशीम आणि लोकर विणणारे फ्रेंच कारखानदार हवालदिल झाले. १६८६ साली फ्रान्सच्या सरकारने हिंदुस्थानी छिटांवर आणि देशात त्यांची नक्कल छापण्यावरही बंदी घातली. दंड झाले, माल जप्त झाला, तरी लोक छिटे घालतच राहिले. बंदी उठली ती ७३ वर्षांनी, १७५९ साली. दुसऱ्याच वर्षी ओबेरकांफने पॅरिसजवळ जुई इथे छपाईचा कारखाना काढला. त्यातून निघालेले कापड आज खास फ्रेंच अभिरुचीचा नमुना म्हणून मिरवते. त्या अभिरुचीच्या पायाशी गुजरातचे आणि दक्षिणेचे छिपे बसलेले आहेत. फ्रेंच संस्कृतीचा इतिहास लिहिताना सुरतेचे बंदर वगळता येत नाही ते यासाठी.

आणि याच सुरतेत कंपनी कर्जबाजारी झाली. युरोपातल्या युद्धांनी तिचे कंबरडे मोडले. सुरतेच्या सराफ-सावकारांचे देणे वर्षानुवर्षे थकले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेला जहाज न्यायचे तर सावकार ते अडकवून ठेवतील ही फ्रेंचांना धास्ती असे. १७१९ साली नवी कंपनी झाली तेव्हा जुन्या कंपनीचे हे देणे तिच्याही मानेवर बसले. आपल्या शालेय पुस्तकांत युरोपीय कंपन्या येतात त्या जणू उद्या राज्य करायचेच आहे असे ठरवून येतात. हे परिणामावरून मागे वाचलेले चित्र आहे. सुरतेतला फ्रेंच वखारदार मोगल सुभेदाराला नजराणे देत होता आणि बनिया सावकाराच्या दारात मुदत मागत होता. साम्राज्य अटळ नव्हते. कोणत्या टप्प्यावर तराजू फिरला, आपले सावकार, सरदार आणि दरबार कुठे चुकले, हा प्रश्न मगच विचारता येतो. अटळ होते असे मानले की प्रश्नच संपतो, आणि त्याबरोबर आपली जबाबदारीही.

आता त्या शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे प्रामाणिकपणे पाहता येते. शाहिस्ताखानाने तीन वर्षे महाराष्ट्र उजाड केला होता, मोगलांच्या खजिन्याला जिथून रसद मिळत होती तिथे घाव घालणे हे युद्धशास्त्राला धरून होते, आणि स्वराज्य उभारायला त्या पैशाचा उपयोग झाला. हे सारे खरे आहे. वीरजी व्होरासारख्या व्यापाऱ्यांची घरे खणली गेली, शहराला आगी लागल्या, मोगल बादशहाच्या धोरणाची किंमत सामान्य सुरतकरांनीही मोजली, आणि ज्याने त्यांचे रक्षण करायचे तो मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. हेही खरे आहे. दोन्ही सत्ये एका दमात सांगता येतात. त्यासाठी बर्नियरच्या शिफारसपत्राची गरज लागत नाही. लागते ती सगळ्या साक्षी सारख्याच कसोटीवर पारखण्याची सवय.

ही सवय लावायला साधने आज हाताशी आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या ग्रंथांचे प्रचंड भांडार संगणकावर खुले केले आहे. वसाहतींचे दप्तर एक्स-ऑं-प्रोव्हान्स इथे सुव्यवस्थित लावलेले आहे. पाँडिचेरीला फ्रेंच संस्था १९५५ पासून काम करत आहे. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची कमतरता नाही. बारावीला गुण चांगले पडतात म्हणून शिकतात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीसाठी शिकतात. दुसरीकडे मोडीचे वर्ग भरतात आणि उत्साही मंडळी हौसेने येतात. या दोन वर्गांची गाठ कुठेच पडत नाही. इतिहासाच्या पदव्युत्तर विभागांनी ती घालून द्यावी. एका विद्यार्थ्याने मोडी आणि फ्रेंच, दुसऱ्याने गुजराती आणि फ्रेंच, तिसऱ्याने डच शिकावी. एकाच प्रसंगाचे सगळे कागद त्यांनी एका टेबलावर मांडावेत. १६७० चा तो ऑक्टोबर महिना हा त्यांचा पहिला धडा होऊ शकेल. हतालकरांनी इंग्रजीत आणलेले फ्रेंच कागद मूळ फ्रेंचशी ताडून मराठीत टीपांसह यावेत, हे साहित्य संस्कृती मंडळाच्या आवाक्यातले काम आहे. मार्टिनच्या आठवणी आणि आंकतीलचे १७७८ चे पुस्तक हीदेखील मराठीत संपूर्ण यावीत. वेचे काढून उपयोग नाही, कारण वेचे काढण्यातच आपली जुनी खोड दडलेली आहे.

सुरतेत राहणाऱ्या मराठी समाजाने या कामात पुढे यावे असे मला मनापासून वाटते. लूम्सच्या खात्यात रात्रपाळी करणारा, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये छपाईवर उभा राहणारा नंदुरबार-धुळ्याचा माणूस सुरतेच्या इतिहासाचा वारस आहे, पाहुणा नाही. त्याच्या मुलीने कॉलेजात फ्रेंच घेतली, आजोबांकडून मोडीचे वळण उचलले आणि रोकचे हस्तलिखित वाचायला बसली, तर त्या कागदातला छिपा तिला पॅरिसच्या प्राध्यापकापेक्षा लवकर ओळखू येईल. कारण रंग कच्चा राहिला की ताका परत येतो आणि मजुरी कापली जाते, हे तिने घरी पाहिलेले असेल. इतिहासाला असे वाचक हवे आहेत. परक्याच्या तोंडून आपली स्तुती ऐकण्यात आपण शंभर वर्षे घालवली. यापुढे त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून प्रश्न विचारू, आणि उत्तर गैरसोयीचे आले तरी ते नोंदवू. महाराजांच्या नावाने अभ्यास करणाऱ्यांना याहून कमी काही शोभणार नाही.